इंग्रजीचे सोवळे

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांतला इंग्रजीचा मास्तर ही मोठी विलक्षण वल्ली आहे. (दोन जिल्हे एका दमात घेतले ह्याचे कोणी नवल मानू नये. १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नावच 'दक्षिण सातारा' होते. आणि माणदेशची बोली काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही.) हा मास्तर कऱ्हाडचा असो की तासगावचा, फलटणचा असो की विट्याचा. घरी तो 'आगं, च्या टाकलास का?' असे विचारतो, शाळेच्या फाटकापाशी शिपायाला 'काय रं, घंटा दिलीस का?' म्हणतो, शिक्षकांच्या खोलीत अगदी छापील मराठीत वाद घालतो; आणि वर्गात पाऊल टाकले की असे इंग्रजी बोलू लागतो, जे लंडनमध्ये कोणी बोलत नाही, न्यूयॉर्कमध्ये कोणी बोलत नाही, पण बेळगावपासून नागपूरपर्यंत सगळ्यांना उत्तम समजते. चार ठिकाणी चार वाणी, आणि एकीचा पाय दुसरीत अडकत नाही! वास्तविक हे केवढे कौशल्य आहे. परंतु त्याला विचारून पाहा, "गुरुजी, आपण मुलांना कोणते इंग्रजी शिकविता?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर येईल, "ब्रिटिश!" आणि "आपण स्वतः कोणते बोलता?" असे पुढे विचारण्याचा आगाऊपणा केलात, तर गुरुजी चष्मा पुसू लागतील.

हा प्रश्न गंमतीचा वाटला तरी त्याचा अभ्यास झालेला आहे. श्रीनगरला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भाषापंडित ब्रज काचरू ह्यांनी भारतीय विद्यापीठांतल्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांची एक पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध केले. आदर्श इंग्रजी कोणते, असे विचारल्यावर सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांनी ब्रिटिश इंग्रजीला पहिला मान दिला. भारतीय इंग्रजीला तो देणारे चौथाईहून कमी निघाले. बरे, तुमचे स्वतःचे इंग्रजी कोणते? तर निम्म्याहून अधिक लोक म्हणाले, भारतीय! म्हणजे देव्हाऱ्यात एक मूर्ती आणि स्वयंपाकघरात दुसरीच चूल. तेव्हाचे ते विद्यार्थी पुढे शिक्षक झाले, त्यांचे विद्यार्थीही शिक्षक होऊन निवृत्त झाले. देव्हारा तसाच आहे.

काचरूंचे म्हणणे थोडक्यात असे, की इंग्रजी जिथे घरात जन्मते तो एक प्रदेश. जिथे ती राज्यकर्त्यांबरोबर आली आणि राज्यकर्ते बोटीत बसून गेल्यावरही राहिली, तो दुसरा. आणि जिथे ती केवळ व्यापाराउदीमासाठी शिकतात, तो तिसरा. आपण दुसऱ्यात मोडतो. ह्या दुसऱ्या प्रदेशातले इंग्रजी म्हणजे पहिल्याची नासकी नक्कल नव्हे; दुसऱ्या मातीत धरलेले ते कलम आहे, त्याला त्या मातीची चव येणारच. हे तत्त्व आमच्या मास्तरांना परिसंवादात मान्य असते. परिसंवाद संपवून ते एस.टी.ने गावी परततात, वह्यांचा गठ्ठा पुढे ओढतात, आणि लाल शाईच्या पेनाचे टोपण काढतात. तिथे तत्त्व संपते.

त्या लाल शाईखाली काय काय जाते ते पाहण्यासारखे आहे. 'ही इज हियर ओन्ली' असे एका मुलीने लिहिले. मास्तरांनी 'ओन्ली'वर काट मारली. आता ही मुलगी मनात काय म्हणत होती? 'तो इथेच आहे.' मराठी माणसाला 'च'वाचून बोलता येत नाही. 'मीच', 'आत्ताच', 'नाहीच' हे आपले निम्मे बोलणे आहे, आणि भांडण असेल तर सगळेच. इंग्रजीत हा 'च' नाही, म्हणून तिने 'ओन्ली' आणून शब्दाच्या शेपटाला बांधला. चूक म्हणा, पण हे अडाणीपण नव्हे. ही एक व्यवस्था आहे. 'यू विल कम टुमॉरो, इजन्ट इट?' ह्यावरही काट. इंग्रजीत ह्या शेपटाला दर वेळी क्रियापदाप्रमाणे रूप बदलावे लागते, आणि आपले एकच 'नाही का?' साऱ्या वाक्यांना पुरते. मौज अशी की खुद्द ब्रिटनमध्ये वेल्सचे लोक आपल्यासारखेच एका 'इजन्ट इट'वर साऱ्यांची बोळवण करतात.

'कझिन ब्रदर' तर आमच्या मास्तरांचे खास लक्ष्य. 'ब्रदर' खोडायचे, नुसते 'कझिन' ठेवायचे, अर्धा गुण कापायचा. नियमाने ते बरोबर आहे. पण भाऊबीजेच्या दिवशी ह्या नियमाकडे जरा आपल्या घरातून पाहा. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार परींचे भाऊ पाटावर ओळीने बसणार; आणि इंग्रजी म्हणते, 'कझिन आला'. हा कझिन ओवाळून घेणार की ओवाळणार, एवढेही त्या शब्दावरून कळत नाही! आपल्या माणसाने त्याला 'ब्रदर' जोडले, ते इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे. ती भाषा आपल्या माजघरात नांदायला आली, तेव्हा तिला आपली नाती सांगणे भाग होते म्हणून.

उच्चारांचेही असेच. मराठी माणसाला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' ह्यांतला भेद कळत नाही, असे शेरे मारले जातात. पण आपण मराठीत 'व्हॅन', 'व्हिडिओ', 'व्हॉलीबॉल' लिहितो, आणि 'वॉटर', 'वॉर्ड', 'वायर' लिहितो. हिंदीवाले दोन्हीकडे 'व'च लिहून मोकळे होतात. आपण मात्र एका ध्वनीला ह-काराची फुंकर घातली, दुसऱ्याला घातली नाही, आणि कोणत्याही सरकारी समितीवाचून सारा महाराष्ट्र हा नियम पाळतो. तो भेद इंग्रजांच्या ओठांवरचा नसेल. पण भेद आहे, नेमका आहे, आणि तो आपला आहे. 'झिरो' आणि 'साइझ' ह्यांतला 'झ' असाच. 'कार' आणि 'फार्मर' ह्यांतला 'र' आपण स्वच्छ म्हणतो. लंडनचे सभ्य लोक तो गिळतात. पण स्कॉटलंडचे लोक गिळत नाहीत आणि बहुतेक अमेरिकनही नाहीत. सांगलीच्या इंग्रजीच्या मास्तरांनी हे जाणून घ्यायला समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. वानलेस ह्यांनी १८९४ साली इस्पितळ उभारले. आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ साली निघाले, तेही विश्रामबागेत, सांगली आणि मिरज ह्यांच्या मध्यावर. म्हणजे टांग्याच्या एका फेरीच्या अंतरात गिळलेला 'र' आणि न गिळलेला 'र' दोन्ही होते. तरी 'शुद्ध' कोणता, ह्याविषयी कोणाच्या मनात कधी संदेह आला नाही.

तो का आला नाही? येथे मला ह्या विषयातला खरा काटा सापडतो असे वाटते. आमच्या मास्तरांच्या हातातला मोजायचा गज लंडनहून आलेलाच नाही. तो पुण्याहून आला आहे.

आपण जरा मागे जाऊ. 'इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध' हा उद्गार ज्यांच्या नावावर मोडतो, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून 'निबंधमाला' लिहीत होते. त्याच 'निबंधमाले'त त्यांनी जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांची जी संभावना केली, तीत विचारांइतकाच, किंबहुना अधिकच, रोख फुल्यांच्या व्याकरणावर आणि शुद्धलेखनावर होता. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. शेतकऱ्याची भाषा त्यांनी जाणूनबुजून कागदावर आणली होती, कारण त्यांना जे सांगायचे होते ते त्या भाषेतच सांगण्यासारखे होते. आणि हा 'अशुद्ध' लेखक १८७३ साली आपल्या 'गुलामगिरी'ला चक्क इंग्रजी प्रस्तावना जोडतो! शास्त्रीबोवांच्या गद्याचे सामर्थ्य मला मान्य आहे. त्या गद्यावर तीन-चार पिढ्या पोसल्या. पण त्या दिवशी त्यांनी जो गज वापरला तो आपल्या शाळांत कायमचा राहिला. 'काय म्हटले' ह्याच्या आधी 'कसे म्हटले' हे पाहायचे, आणि 'कसे' चुकले असले तर 'काय'कडे पाहण्याची जरूरच नाही, अशी ती रीत.

त्या गजाने सातारा-सांगलीच्या पोराला आधी मराठीत मोजले. तो 'आनि' म्हणाला, वर्ग हसला. 'पानी' म्हणाला, बाईंनी दुरुस्त केले. 'न्हाई' म्हणाला, तेव्हा तर त्याला उभेच केले. तेच पोर मोठे झाले, बी.ए., बी.एड. होऊन इंग्रजीचे मास्तर झाले, आणि ज्या गजाचे वळ आपल्या पाठीवर होते तोच हातात घेऊन उभे राहिले. आपल्या इंग्रजीविषयी आमच्या मास्तरांना जो संकोच आहे, तो इंग्रजांनी दिलेला नाही. इंग्रज १९४७ सालीच गेला. हा संकोच त्यापूर्वीचा आणि घरचा आहे. म्हणूनच तो परिसंवादांनी जात नाही.

शुद्धतेचा गज किती लवचिक असतो, हेही आपण मराठीतच पाहिले आहे. 'घरांत', 'शाळेंत', 'मुलांनीं' ह्यांवर अनुस्वार दिला नाही तर एके काळी गुण जात. १९६२ सालचे नवे नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि आता ते दिले म्हणून गुण जाऊ लागले! ज्या विद्यार्थ्याचे वय त्या वर्षी अडनिडे होते, त्याने दोन्हींकडे मार खाल्ला असेल. आभाळ कोसळले नाही. मराठी वाचताही येते, समजतेही. त्यानंतर थोड्याच काळात ना. गो. कालेलकरांसारखा ध्वनिशास्त्रज्ञ मराठी वाचकाला समजावीत होता, की बोलींत उच्चनीच असे काही नसते, प्रमाणभाषा ही समाजाने सोयीसाठी निवडलेली एक बोलीच असते. त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' ह्या पुस्तकाला १९६७ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुस्तक गौरविले गेले. वर्गापर्यंत मात्र पोचले नाही.

वर्गाच्या कितीतरी आधी हे वाङ्मयाला कळले होते. सांगली ही तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभे केले ते इथेच. पण त्या रंगभूमीवर पुढे फार वर्षे गावाकडची बोली कोणाच्या तोंडी असे? गड्याच्या, हवालदाराच्या, हशा पिकविणाऱ्या कोणाच्या तरी. नायक-नायिका छापील बोलत. ह्या रीतीला धक्का दिला तो ह्याच मुलखातल्या माणसांनी. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' लिहिली, माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसे' आणि 'बनगरवाडी' लिहिली. 'बनगरवाडी' (१९५५) येथे मुद्दाम आठवावी, कारण तिचा नायक शाळामास्तरच आहे. धनगरांच्या वाडीवर पोरगेला मास्तर येतो. तो एक मराठी बोलतो, वाडी दुसरी बोलते. पण माडगूळकर एकदाही वाचकाला डोळा मारून 'पाहा, ही माणसे कशी बोलतात' असे सुचवीत नाहीत. कारभाऱ्याचे बोलणे जसे आहे तसे येते, आणि आपण त्यातला अर्थ, त्यातला रुबाब ऐकत राहतो. मास्तर वाडीला अक्षर शिकवितो आणि वाडी मास्तरला बोलणे शिकविते, असे मला ती कादंबरी वाचताना नेहमी वाटत आले आहे. भाषेच्या कोणत्याही शिक्षकाला प्रशिक्षण-वर्गात दहा व्याख्याने देण्यापेक्षा हे एक पुस्तक द्यावे.

इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या माणसांनी हे केले काय? येथे दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. निसिम इझिकिएल हे मुंबईचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी नांदत आलेल्या बेने इस्राएल समाजातले, आणि स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी 'भारतीय इंग्रजीत' म्हणून काही कविता लिहिल्या. त्यांतली मिस पुष्पा टी. एस. हिच्या निरोप-समारंभाची कविता तर पाठ्यपुस्तकांतून साऱ्या देशाला ठाऊक झाली. भाषण करणारा सद्‌गृहस्थ प्रत्येक क्रियापदाला 'इंग' जोडतो आणि आपण हसतो. कविता चांगली आहे. कान तीक्ष्ण आहे. शिवाय त्या गृहस्थाविषयी कवीच्या मनात कुठेतरी माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण हसू येते ते कुठून? तर व्याकरण येणाऱ्याच्या उंच ओट्यावरून. ही कविता वर्गात शिकविताना मास्तर हसतात, पाठोपाठ मुले हसतात, आणि तास संपल्यावर मास्तर उपमुख्याध्यापकांना म्हणतात, 'आय ॲम नॉट हॅविंग द की.' ह्या विनोदाचा कवीला अंदाज असावा. मास्तरांना नसतो.

दुसरे उदाहरण अरुण कोलटकरांचे. कोल्हापुरात जन्मलेला हा कवी, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारख्याच अधिकाराने लिहिणारा. त्यांचे 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आले आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य-पारितोषिक मिळाले. खंडोबा, पुजारी, मोडकी देवळे, रेल्वेचे स्टेशन, सारे अस्सल इथले. तरी इंग्रजी कुठे वाकडेतिकडे करून 'हे पाहा भारतीय' असे दाखविलेले नाही, आणि कुठे लंडनची तोंडदेखली चालही नाही. हे इंग्रजी ब्रिटिश की भारतीय, असा प्रश्न ते वाचताना मनातच येत नाही. तो प्रश्न मनात न येणे, ही माझ्या मते भाषा आपली झाल्याची खूण आहे. इझिकिएलांची ती कविता शिकविण्याला माझी हरकत नाही. पण तिच्या जोडीला 'जेजुरी'तले एखादे पान शिकविले नाही, तर मुलांना आपल्या इंग्रजीची एकच शक्यता कळते, ती म्हणजे हास्यास्पद होण्याची.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही, आणि तिला कोणी गोऱ्यांची बाजू म्हणून उडवून लावू नये. १९९० साली रँडॉल्फ क्वर्क ह्या नामांकित इंग्रज व्याकरणकारांनी एक कडक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की गरीब देशांतल्या मुलांना 'तुमचे आहे तेच छान' असे सांगणे ही उदारता नव्हे, फसवणूक आहे. ज्या इंग्रजीने जगाची दारे उघडतात ते त्यांना नाकारून वर त्यांचाच गौरव केल्याचा आव आणणे आहे. काचरूंनी पुढच्या वर्षी त्याला तिखट उत्तर दिले आणि तो वाद इंग्रजीच्या जगात गाजला. ह्या वादात विद्वानांचा कल काचरूंकडे राहिला. पण साताऱ्यात उभे राहून ऐकले, तर क्वर्कचे बोलणे सहजासहजी झटकता येत नाही.

कारण साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदविले गेले. ज्या मुलाला शाळेत घरून गोणपाट नेऊन वेगळे बसावे लागत होते, त्याने पुढे जे इंग्रजी लिहिले, रुपयाच्या प्रश्नावर, जातिसंस्थेवर, घटनासमितीत, ते जगातल्या कोणत्याही विद्यापीठात खाली मान घालायला लावणारे नव्हते. कोणी त्यांना आधीच सांगितले असते, 'बाळ, तुझ्या समाजाचे असे एक वेगळे इंग्रजी असते, तेवढे पुरे', तर? तसेच कर्मवीर भाऊराव पाटलांचे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. मुलांनी खडी फोडावी, शेत नांगरावे आणि शिकावे. त्या मुलांना भाऊरावांनी कमी दर्जाचे काही देऊ केले नव्हते. त्यांच्यातलेच एक, बॅ. पी. जी. पाटील, विलायतेला जाऊन आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि त्यांनी फुल्यांची 'गुलामगिरी' इंग्रजीत नेली. ज्या पुस्तकाच्या मराठीला 'अशुद्ध' म्हणून हिणविले होते, ते जगाने एका रयतच्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीत वाचले!

तेव्हा चांगले इंग्रजी हवेच. त्याविषयी माझे आणि मास्तरांचे भांडण नाही. भांडण आहे ते 'चांगले' आणि 'सोवळे' ह्यांची जी गल्लत होते तिच्याशी. आंबेडकरांचे इंग्रजी थोर आहे ते त्यांनी 'र' गिळला म्हणून नव्हे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन पाहा. साधी, सरळ, लहान मुलालाही समजावीत अशी वाक्ये. आणि वाचणाऱ्याला पाणी मागायची लाज वाटावी असे सामर्थ्य. ते बोलताना कोणत्या प्रांताचा हेल येत असे, ह्याची चौकशी घटनासमितीत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मग मास्तरांनी कडक कुठे व्हावे? लिहिण्यात व्हावे. स्पेलिंगात, वाक्याच्या बांधणीत, कर्ता-क्रियापदाच्या मेळात खुशाल व्हावे. जगभरचे सुशिक्षित लोक लिहिण्यात फारसे भिन्न नाहीत, आणि अर्ज लिहिणाऱ्या पोराला तिथे दयामाया मिळत नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ह्याची बाजू मी घेणार नाही. ते मराठीतूनही आलेले नाही. मराठीत आपण 'मला दोन भाऊ असत आहेत' असे म्हणत नाही. ते बहुधा आमच्याच वर्गातल्या काळांच्या तक्त्यांतून आले आहे. बोलण्यात मात्र वेगळा न्याय हवा. हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतल्या आर. के. बन्सल ह्यांनी भारतीयांचे इंग्रजी परक्यांना कितपत समजते ह्याचा कसून अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९६९ साली निघाले. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांना आढळले ते शब्दातला आघात भलत्या अक्षरावर पडणे. म्हणजे 'ट'ची जीभ टाळूला लागली की दातांमागे, ह्यावर तास घालविण्यापेक्षा जोर कुठे द्यायचा ते शिकविले तर मुलाचे काम होते. आणि १९७९ साली लॅरी स्मिथ आणि रफिकझाद ह्यांनी अनेक देशांच्या बोलणाऱ्यांची इंग्रजी भाषणे अनेक देशांच्या श्रोत्यांना ऐकवून पाहिली, तेव्हा सर्वांत कमी समजणाऱ्यांत इंग्रजी ही ज्याची मातृभाषा तो वक्ताच निघाला! आमच्या मास्तरांचे इंग्रजी सिंगापूरच्या व्यापाऱ्याला लंडनच्या लॉर्डापेक्षा अधिक समजण्याचा बराच संभव आहे.

एवढे असूनही साताऱ्यात पोवई नाक्यावरून किंवा सांगलीत विश्रामबागेवरून फेरी मारली, तर इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्या दिसतात आणि कुठे कुठे विलायती नाही तर अमेरिकन हेल शिकविण्याची हमीही दिसते. पालक पैसे भरतात. त्यांना दोष देत नाही. शाळेत दहा वर्षे ज्याला 'तुझे चुकते' एवढेच ऐकविले, तो बाहेर येऊन हेल विकत घेणारच. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले. म्हणजे 'आनि'वर हसणे आणि 'इस्कूल'वर हसणे आता एकाच वर्षी, एकाच बाकावर सुरू होते. सहा वर्षांचे पोर एकाच सकाळी दोन भाषांत गप्प बसायला शिकते. हे गप्प बसणे हजेरीपटावर दिसत नाही, आणि परीक्षेतही लवकर दिसत नाही, कारण परीक्षा मुख्यतः लेखी असते.

विलिंग्डन कॉलेजचे प्राचार्यपद विनायक कृष्ण गोकाकांनी भूषविले होते. कन्नडचे ज्ञानपीठ-विजेते कवी, ऑक्सफर्डला शिकून आलेले इंग्रजीचे प्राध्यापक, आणि हैदराबादच्या त्याच इंग्रजी संस्थेचे पुढे संचालक. कविता कन्नडात, अध्यापन इंग्रजीत, आणि भोवती सगळी मराठी! अशा माणसाला कोणतीच भाषा सोवळ्यात ठेवता येत नाही. ती सगळ्या घरभर वावरते. सांगलीच्या इंग्रजीची ही परंपरा असताना तिचा वारसा म्हणून लाल शाई तेवढीच खाली उतरावी, ह्याचे मला वाईट वाटते.

खटाव तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई मात्र दोन पेने वापरतात. चुकीला लाल, आणि जे आपल्याकडे चालते पण बाहेर नडेल, त्याला हिरवे. 'कझिन ब्रदर'ला हिरवे, 'इथेच'च्या 'ओन्ली'ला हिरवे, आणि शेजारी बारीक अक्षरात, परक्याशी बोलताना काय म्हणावे ते. मुलांना ह्या हिरव्याचे फार कौतुक. कोणाच्या वहीत किती हिरवे आले ह्याची मधल्या सुट्टीत मोजदाद होते, आणि दोघे-तिघे तर मुद्दाम 'ओन्ली' पेरून लिहितात असा बाईंना संशय आहे. मुख्याध्यापकांची अडचण वेगळी. हिरव्याचे गुण कापायचे की द्यायचे, हे कोणत्याच परिपत्रकात सांगितलेले नाही.